काढलं की परत येतंय: ताईच्या लॅपटॉपवरच्या ॲडवेअरची नोंद

दिवस १

ताईचा लॅपटॉप शेवटी माझ्या टेबलावर आला. विंडोज ११, क्रोम, आणि उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी एक चौकोन उगवतोय, "तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले". काही शोधायला गेलं की सर्च भलत्याच पानावरून फिरून येतो, मधेच नवीन टॅब उघडतो आणि कुठल्यातरी गेमची जाहिरात. ताईचं म्हणणं नेहमीचंच, "अरे मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." मी मान डोलावली.

आधी माझी सवय अशी होती की मशीन हातात आलं की लगेच स्कॅनर सोडायचा आणि तो सांगेल ते उडवायचं, पण यावेळी ठरवलं की तक्रारी आधी वेगवेगळ्या करून बघायच्या, तीन तक्रारी म्हणजे एकच दुखणं असं नसतं. कोपऱ्यातला चौकोन नीट वाचला तर त्यात बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एका साइटचा पत्ता. म्हणजे हे ॲडवेअर (जबरदस्तीने जाहिराती दाखवणारा प्रोग्राम) नव्हतंच, साधं नोटिफिकेशन. कुठल्यातरी पानावर "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" असं येतं आणि माणूस दाबून मोकळा होतो. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडलं तर परवानगी मिळालेल्या १९ साइट्स, त्यातली ओळखीची एकच. बाकी १८ उडवल्या आणि यापुढे कुठल्याच साइटने विचारायचंच नाही असं करून ठेवलं. निम्मा त्रास तिथेच गेला आणि ताई खूश, "झालं ना रे?" म्हटलं अगं माश्या हाकलल्यात नुसत्या, उकिरडा अजून सापडायचाय.

मग इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी तारखेनुसार लावली. ही युक्ती जुनी आहे पण दरवेळी कामाला येते. एकाच दिवशी, तीन मिनिटांच्या आत चार पाहुणे आलेले: एक पीडीएफ कन्व्हर्टर, एक ड्रायव्हर अपडेटर, एक हवामान दाखवणारं काहीतरी आणि एक नुसतंच "वेब हेल्पर". चारही अनइन्स्टॉल केले. ड्रायव्हर अपडेटरने जाता जाता भलंमोठं हिरवं बटण दाखवलं "संरक्षण चालू ठेवा" आणि त्याखाली राखाडी रंगात, बटण वाटणारच नाही अशा अक्षरात, "तरीही काढा". या लोकांनी ही अक्कल दुसऱ्या कशात वापरली असती तर बरं झालं असतं.

दिवस २

सर्च अजून भलतीकडेच जातोय. एक्स्टेन्शन्सच्या (क्रोमला जोडायच्या छोट्या प्रोग्राम्सच्या) पानावर "स्मार्ट टॅब" छापाचं काहीतरी बसलंय आणि त्याचं रिमूव्ह बटणच गायब, वर मेनूमध्ये "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन". ताईच्या घरच्या लॅपटॉपला कसली आलीय ऑर्गनायझेशन!

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोठ्या ऑफिसांना सगळ्या मशीनवर एकच सेटिंग लादता यावं म्हणून क्रोममध्ये पॉलिसीची सोय आहे आणि विंडोजवर ती रजिस्ट्रीतून (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तिथून) वाचली जाते. त्यात फोर्सलिस्ट नावाची एक यादी असते, तिच्यात एक्स्टेन्शनचा आयडी टाकला की ते आपोआप इन्स्टॉल होतं आणि वापरणाऱ्याला काढता येत नाही. ॲडवेअरवाल्यांनी हेच दार पकडलंय. ॲड्रेस बारमध्ये क्रोम कोलन दोन स्लॅश पॉलिसी टाकलं की कायकाय लादलंय ते सगळं दिसतं, आणि घरच्या मशीनवर ते पान साधारण रिकामं असायला हवं (काही अँटीव्हायरस तिथे आपलं काहीतरी ठेवतात, ते दिसलं म्हणून घाबरायचं नाही).

इथे फोर्सलिस्टमध्ये एक आयडी आणि डिफॉल्ट सर्च बदलणारी एक नोंद. रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम इथे गेलो, आधी ती की (रजिस्ट्रीतला कप्पा) एक्सपोर्ट करून ठेवली (हे विसरू नका, मी एकदा विसरलोय) आणि मग डिलीट. क्रोम परत उघडलं, एक्स्टेन्शन गेलेलं. रीस्टार्ट केलं, एक्स्टेन्शन हजर. खरं सांगू का, मला आनंद झाला. आता कुठे मजा यायला लागली.

दिवस ३

ॲडक्लीनर चालवलं. हे छोटं टूल २०१६ पासून मालवेअरबाइट्सकडे आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि फुकट आहे. ३७ नोंदी सापडल्या, बऱ्याचशा उरलेले फोल्डर आणि रजिस्ट्रीतला कचरा. क्वारंटाइन केलं, सगळं स्वच्छ. चहा ठेवून येईपर्यंत स्वच्छच होतं, मग मशीन तसंच चालू ठेवून झोपलो आणि सकाळी पॉलिसी परत जागेवर.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी दोन दिवस जे दिसतंय ते पुसतोय, आणि जे पुसलेलं परत लिहितंय त्याला हातही लावलेला नाही. स्कॅनर ३७ म्हणाला काय आणि ३७० म्हणाला काय, परत लिहिणारा एक जरी राहिला तरी आकड्याला अर्थ नाही. यापुढे सगळा शोध त्या लिहिणाऱ्याचा.

दिवस ४

ऑटोरन्स. सिसइंटर्नल्सचं (हा मायक्रोसॉफ्टचा टूल्सचा संच) हे टूल ज्यांनी अजून वापरलं नसेल त्यांनी आजच उतरवून घ्या, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर मिळतं. विंडोज सुरू होताना जे जे आपोआप चालू शकतं ते सगळं एका ठिकाणी दाखवतं, टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप म्हणजे त्याचा एक कोपराच. ॲडमिन म्हणून उघडायचं, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या, सह्या (फाइल कोणी बनवली याची डिजिटल खूण) तपासायचा पर्याय चालू करायचा, म्हणजे हजारभर ओळींतून साठ-सत्तर उरतात. पिवळी ओळ म्हणजे फाइलच जागेवर नाही, गुलाबी म्हणजे कोणी बनवली त्याचा पत्ता नाही किंवा सही नाही. गुलाबी दिसलं की लगेच उडवायचं नाही हं, ताईच्या कागद स्कॅन करायच्या मशीनची जुनी युटिलिटीपण गुलाबीच होती.

शेड्यूल्ड टास्क्समध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) एक नोंद होती, नाव असं की वाटावं एखाद्या ब्राउझरचा अपडेटर आहे. पण ती कुठली एक्सी (प्रोग्रामची फाइल) चालवत नव्हती, ती चालवत होती पॉवरशेल (विंडोजला कमांड लिहून द्यायचं साधन), लपवलेल्या विंडोत, आणि पुढे एन्कोडेड कमांड म्हणून अक्षरांची लांबच लांब माळ. लॉगिन झालं की एकदा आणि नंतर दर चार तासांनी. म्हणून रात्री स्वच्छ आणि सकाळी घाण!

ती माळ म्हणजे बेस ६४, डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत, गुप्त असं काही नाही. दुसऱ्या मशीनवर डीकोड केली (यूटीएफ १६ म्हणून, म्हणजे प्रत्येक अक्षराला दोन बाइट धरून वाचायची, नाहीतर प्रत्येक अक्षरानंतर एक रिकामा बाइट येतो आणि वाटतं काहीतरी चुकलं). आत वीसेक ओळी. पॉलिसीची की आहे का बघ, नसली तर लिही. ॲपडेटामधला (प्रोग्राम्स आपला डेटा ठेवतात ती जागा) अमुक फोल्डर आहे का बघ, नसला तर या पत्त्यावरून झिप आणून उघड. बास, एवढंच. सगळा धुमाकूळ या वीस ओळींचा.

मग क्रमाने घेतलं, आणि क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी वायफाय बंद, म्हणजे नवीन झिप येणार नाही. मग टास्क एक्सपोर्ट करून ठेवला आणि ऑटोरन्समध्ये नुसती टिक काढली, डिलीट नाही केला, चुकलो तर परत लावता यावा म्हणून. मग प्रोसेस एक्सप्लोररमध्ये (चालू प्रोग्राम दाखवणारं सिसइंटर्नल्सचंच टूल) त्या फोल्डरमधून चालू असलेली प्रोसेस मारली, फोल्डर दुसरीकडे हलवला, रजिस्ट्रीतली पॉलिसी काढली आणि सगळ्यात शेवटी एक्स्टेन्शन. मी परवा नेमका उलट्या क्रमाने गेलो होतो. दोनदा रीस्टार्ट केलं, पॉलिसीचं पान रिकामं, मग पाच तास चालू ठेवलं तरी रिकामं. टास्क आता कायमचा डिलीट.

जाता जाता बाकीच्या जागाही बघून घेतल्या. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटमध्ये टार्गेटच्या शेवटी एक पत्ता चिकटवलेला होता, तो काढला. इंटरनेटची वाट भलतीकडे वळवता येते त्या जागा, म्हणजे प्रॉक्सी बंद, होस्ट्स फाइल ठीक, डीएनएस ठीक. रूट सर्टिफिकेट्सची यादीही बघितली, कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा ते मशीन यावरून ठरवतं. हे सहसा कोणी बघत नाही, पण २०१५ च्या फेब्रुवारीतलं सुपरफिश आठवा, लेनोवोच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच आलेलं. ते एचटीटीपीएस पानांतही जाहिराती घुसवायला स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवायचं, सगळ्या मशीनवर एकच प्रायव्हेट की (त्या सर्टिफिकेटची गुप्त किल्ली), आणि प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट तिथेच राहायचं. ताईच्या यादीत तसलं काही नाही.

दिवस ५

ताईला दाखवायला म्हणून तिच्या अकाउंटने क्रोममध्ये साइन इन करायला सांगितलं आणि दोन मिनिटांत एक कूपनवालं एक्स्टेन्शन टपकलं, सर्च परत भलतीकडे. ताई माझ्याकडे बघतेय, मी स्क्रीनकडे.

पॉलिसी रिकामी, टास्क नाही, फोल्डर नाही. अर्धा तास ऑटोरन्स चाळत बसलो आणि मग ट्यूब पेटली, हे मशीनमधून येतच नाहीये, हे वरून येतंय. क्रोमचा सिंक, एकाच अकाउंटची सेटिंग्ज सगळ्या मशीनवर सारखी ठेवणारा! तिच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच अकाउंट चालू आहे, तिथे हे एक्स्टेन्शन बसलेलं आहे, आणि सिंक बिचारा इमानदारीत आपलं काम करतोय, तिथलं इथे आणून देतोय. म्हणजे परत लिहिणारे दोन होते, एक मशीनमधला आणि एक अकाउंटमधला. हा दुसरा कुठल्याच स्कॅनरला सापडला नसता, त्यात वाईट फाइल अशी काही नाहीच.

दोन्ही मशीनवर सिंक बंद केला, दोन्हीकडून एक्स्टेन्शन आणि सर्च इंजिनची नोंद काढली, मग गूगल अकाउंटच्या सिंकच्या पानावर जाऊन सर्व्हरवरचा साठा पुसला (त्याआधी बुकमार्क एक्सपोर्ट करून घेतले) आणि आधी या लॅपटॉपवर, एका दिवसाने दुसरीकडे सिंक चालू केला. ज्या एक्स्टेन्शनला सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी होती त्याच्यासमोर इतके दिवस ईमेल आणि बँक उघडलेली होती, म्हणून फोनवरून पासवर्ड बदलायला लावले आणि सगळीकडून साइन आउट. ताई कुरकुरली, पण केलं.

दिवस ६

आलं कुठून हे बघायचं होतं. डाउनलोड्समध्ये त्या तारखेचा पीडीएफ कन्व्हर्टरचा इन्स्टॉलर अजून पडून होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज झोन आयडेंटिफायर नावाची एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं, पॉवरशेलमधून वाचता येते, आणि त्यात बऱ्याचदा फाइल कुठून आली तो पत्ता असतो. चिठ्ठीत मूळ कंपनीचा नाही, तसाच दिसणारा दुसराच पत्ता. हिस्टरी लावून बघितली तर ताईने पीडीएफ जोडायचं टूल शोधलं होतं आणि सगळ्यात वरची लिंक दाबली होती, जी जाहिरात होती. यात ती बावळट वगैरे अजिबात नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेसुद्धा सर्चमधल्या जाहिरातींतून खोट्या साइट्सवर नेतात म्हणून इशारा दिला होता आणि ॲड ब्लॉकर वापरा असं चक्क लिहून दिलं होतं.

दिवस ७

बंदोबस्त. ताईचं रोजचं अकाउंट स्टँडर्ड (ॲडमिनचे अधिकार नसलेलं) केलं, ॲडमिनचं वेगळं, पासवर्ड वेगळा. लोकल मशीनमधली पॉलिसी लिहायला ॲडमिन लागतो, त्यामुळे ही वाट बरीचशी बंद. ॲपडेटामध्ये बसणारे प्रोग्राम तरीही येऊ शकतात, त्याला इलाज म्हणून विंडोज सिक्युरिटीत नको असलेली ॲप्स अडवायचा पर्याय बघितला, तो कोणीतरी बंद केला होता (कोणी ते मी विचारलं नाही). दोन टिका असतात, ॲप्स आणि डाउनलोड्स, पण डाउनलोड्सची टिक फक्त मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये काम करते.

जाहिराती अडवणाऱ्या ब्लॉकरसाठी फायरफॉक्स ब्राउझर टाकून त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन दिलं. क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्तीच चालते, तीही बरी आहे, ठेवलीय. एक्स्टेन्शन्स १४ होती, ३ उरली. ताई म्हणाली चांगली चालणारी कशाला काढतोस, तर तिला द ग्रेट सस्पेंडर या क्रोम एक्स्टेन्शनची गोष्ट सांगितली, वर्षानुवर्षं चांगलं चाललेलं, २०२० मध्ये मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढावं लागलं. आणि नवीन सॉफ्टवेअर टाकायचं तर सर्च नाही, विनगेट, कमांड देऊन सॉफ्टवेअर टाकायचं विंडोजचं साधन. कमांड लिहायला ती तयार नाहीये, मग ठरलं की मला मेसेज करायचा आणि मी कमांड पाठवायची.

कोणी विचारेल सरळ विंडोज परत का नाही टाकलं. बरोबर आहे, दुसऱ्या कोणाला घाई असती तर मीही तेच केलं असतं, दोन तासांचं काम. आणि पासवर्ड चोरणारं काही सापडलं असतं तर हा सगळा खेळ न करता फॉरमॅटच. इथे ताईला घाई नव्हती आणि मला खाज होती.

दिवस २८

चौथ्या दिवशी सफाईनंतर ऑटोरन्सची एक फाइल सेव्ह करून ठेवली होती. आज कंपेअर केलं, नवीन आलेलं हिरवं दिसतं. एक हिरवी ओळ. छातीत धस्स झालं, ताईला फोन लावला, "अगं काय टाकलंस नवीन?" तर नवीन प्रिंटर आलाय, त्याचं सॉफ्टवेअर, आणि ते टाकताना "आणखी काही फुकट ॲप्स हवीत का" असं विचारलं होतं तिथली टिक तिने स्वतः काढली म्हणे. यादी बघितली, खरंच एकच ओळ आहे, सही कंपनीची. पॉलिसीचं पान रिकामं.

दुसऱ्या कॉम्प्युटरचं ऑटोरन्स अजून बघायचंय, ताई तो येत्या रविवारी आणणार आहे.