ऑर्डर 'होल्ड'वर

आमच्या लॅबची खरेदी माझ्याकडे असते. काचसामान, एन्झाइम्स आणि हल्ली कंपनीकडून बनवून मिळणारे जीनसुद्धा. वेबसाइटवर ए, टी, जी, सी या डीएनएच्या अक्षरांची लांबलचक ओळ चिकटवायची, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर पाठवायची, की काही आठवड्यांत छोटीशी ट्यूब दारात. तळाशी वाळलेला डीएनए असतो म्हणे, दिसत काहीच नाही. मध्यंतरी एका विषाणूच्या प्रथिनाच्या जीनची ऑर्डर कंपनीने 'होल्ड'वर टाकली. वापरणार कोण, कशासाठी, संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीचं पत्र कुठंय? पीएचडी करणारी मुलगी जाम वैतागली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. २००६ मध्ये लंडनच्या 'गार्डियन'ने देवीच्या विषाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा मागवून बघितला, तर तो बिनबोभाट घरपोच आला होता. कॅनडात डेव्हिड इव्हान्स यांच्या गटाने तर विकतच्या तुकड्यांतून घोड्यांच्या देवीचा अख्खा विषाणू जुळवला. २०१८ मध्ये त्याचा पेपरही आला. तेव्हा चौकशी हवीच.

पण ती करण्याचा अधिकार कंपनीला दिला कुणी? तिचा तिनेच घेतला. २००९ मध्ये जीन विकणाऱ्यांत दोन तट होते. एक गट म्हणे, संशयास्पद काही निघालं की तज्ज्ञाने डोळ्यांखालून घालावं. दुसऱ्याला ठरावीक यादी आणि संगणकावर भागणारी स्वस्त तपासणी हवी होती. त्याच वर्षी इंटरनॅशनल जीन सिंथेसिस कन्सोर्टियम हा या कंपन्यांचा संघ स्थापन झाला आणि तज्ज्ञाची नजर टिकली. निर्णय तसा चांगलाच झाला. फक्त तो घेणारे सगळे विकणारेच. सदस्यत्व ऐच्छिक, आणि अमेरिकी सरकारने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्याही ऐच्छिकच.

कॅलिफोर्नियातल्या असिलोमार परिषदेचं कौतुक आम्हाला एमएस्सीपासून पाजलेलं. फेब्रुवारी १९७५, सुमारे १४० जण, डीएनएची जोडाजोड करणाऱ्या शास्त्रज्ञांनी स्वतःहून स्वतःला लगाम घातला वगैरे. जैविक शस्त्रांचा विषय तिथे मुद्दाम बाजूला ठेवला होता, हे शिकवताना कुणी सांगत नाही. मला त्यापेक्षा पुढच्या वर्षीचं केंब्रिज आवडतं, मॅसॅच्युसेट्समधलं. हार्वर्डला अशाच प्रयोगांसाठी नवी लॅब हवी होती. महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी प्रोफेसरांना नगरसभेत उभं केलं आणि आम्हाला कळेल असं बोला म्हणून दटावलं. मग नागरिकांची समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर घरं गरम ठेवण्यासाठी जाळायच्या तेलाचा व्यापारी! सोबत एक नर्स असलेली नन. हे लोक काही महिने ही जोडाजोड, म्हणजे रीकॉम्बिनंट डीएनए, शिकत बसले आणि जानेवारी १९७७ मध्ये, जादा अटी घालून, परवानगी द्या म्हणाले. नगरसभेने त्याचा कायदा केला. उद्योग पळून जातील अशी भीती घालणाऱ्यांनी आज त्या गावातल्या बायोटेक कंपन्या मोजाव्यात.

आमच्या संस्थेच्या कमिटीतसुद्धा डीबीटीने, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने, नेमलेला बाहेरचा माणूस बसतो. त्याच्याशी वाद घालता येतो, इतिवृत्तात नोंद होते. कंपनीच्या ईमेलखाली नुसतं 'कम्प्लायन्स टीम' लिहिलेलं. उद्या त्यांनी कारण न देता नकार कळवला, तर मी दाद मागायची कुठे? ग्राहक आयोगात?