पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा सर्वांत आधी आठवली ती मराठीच्या बाईंची लाल शाई. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि वर्गात मराठी, अशा तीन भाषांत सोलापूरच्या पूर्व भागातल्या आम्हा पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या, मुलांचे बालपण गेले. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझी वही मात्र दर आठवड्याला लालेलाल होऊन परत येई. बाई रागावत नसत. चुकलेल्या वेलांटीभोवती गोल करून तोच शब्द पाच वेळा लिहायला लावीत, आणि मला तो निव्वळ छळ वाटे.

आई दिवसभर विड्या वळत असे. वडील साखर पेठेतल्या एका चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेची, कार्डे पाडत. आलेखाच्या कागदावरचा मोर चौकोन मोजत पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवायचा, जिथे छिद्र तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जाणार आणि जिथे छिद्र नाही तिथे तो खाली राहणार. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. सुटीत मी चौकोन मोजून देत असे, पण ते काम होते, अभ्यास नव्हे. अभ्यास करायचा तो या कामातून सुटण्यासाठी, हे घरात इतके गृहीत होते की कोणी ते बोलूनही दाखवत नसे.

१९८८ साली दहावीला बरे गुण पडले म्हणून विज्ञान शाखा घेतली. दुसरे काही कारण नव्हते. बारावीला दोनदा नापास झालो आणि लाजेने भिवंडीला मामांकडे निघून गेलो.

भिवंडीचे ते आठ महिने मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितले नाहीत. तिथे मागावर दिवसरात्र साधे ग्रे, म्हणजे न रंगवलेले कोरे, कापड निघे. ना फूल, ना काठ. मजुरी घरच्यापेक्षा बरी होती, पण चौथ्या-पाचव्या महिन्यात मी हजेरीच्या वहीमागे चौकोन आखून मोर काढू लागलो, आणि ज्यातून सुटायचे म्हणून शिकलो त्याचीच आपल्याला ओढ आहे हे ध्यानात येऊन थोडा घाबरलोही. परत येऊन वस्त्रनिर्मितीच्या पदविकेला प्रवेश घेतला. १८०४ च्या सुमारास फ्रान्सच्या जॅकार्ड यांनी सिद्ध केलेल्या या छिद्रांच्या कार्डांचीच कल्पना पुढे गणकयंत्रांनी उचलली, हे तिथे कळले. वडिलांना सांगितले तेव्हा ते इतकेच म्हणाले, "मग आधी या कार्डाची चूक शोध."

आता तेच काम मी संगणकावर करतो. यंदा पाहुण्यांच्या सत्कारासाठी शाळेचे नाव विणलेल्या चादरी करून देण्याचे काम माझ्याकडे आले. अक्षरांना फार वेळ लागला नाही. वेलांटीचा बाक चौकोनांत बसवण्यात मात्र दोन दिवस गेले. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, रंग तेवढे उलटतात. मात्र मागच्या बाजूस अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात आणि पहिली वेलांटी दुसरी भासते. नमुन्याची चादर घेऊन बाईंच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा लावून नेमकी तीच बाजू वर केली आणि वेलांटीवर बोट ठेवले.