भिंतीला ठोकलेलं आणि नुसतं ठेवलेलं

मी सर्व्हेअर आहे, पण जमीन मोजणारा नव्हे, विम्याचा. घरादाराचं नुकसान झालं की विमा कंपनी मला पाठवते. मी पाहतो, मोजतो, अहवाल लिहितो. फी कंपनीकडून मिळते, परवाना मात्र आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा. त्यामुळे दार उघडणारा मला कंपनीचा माणूस समजतो आणि कंपनीला अधूनमधून मी दार उघडणाऱ्याचा वाटतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटपासून सीताबर्डीपर्यंतच्या तळमजल्यांत पाणी शिरलं. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. ठेवणीतली भांडी, चांदीची ताटं, रेशमी साड्या असं वर्षभर वर ठेवलेलं सगळं नेमकं त्या रात्री खाली होतं.

त्याच पट्ट्यातल्या एका घरचा क्लेम माझ्याकडे आला. रिटायर्ड काका-काकू, मुलगा पुण्यात. घरात कमरेइतकं पाणी चढून उतरलेलं, गाळ खराट्यानं अंगणात लोटलेला. महालक्ष्म्यांच्या कोठ्या भिजल्या होत्या, मुखवटे कोरडे होते. काकूंनी आधी साड्याच पुढे केल्या. "भाऊ, हे तुम्ही लिहून नाही राहिले का?"

मी लिहीत नव्हतो, कारण पॉलिसी मी निघण्यापूर्वीच वाचली होती. गृहकर्ज घेताना बँकेनं जोडून दिलेली भारत गृह रक्षा ही घराच्या विम्याची पॉलिसी, पण फक्त इमारतीची. बँकेला काळजी भिंतींची, कारण तिच्याकडे गहाण त्याच. मुलगा मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता, "फुल इन्शुरन्स आहे." त्यानं कर्जाच्या कागदांबरोबर सही केली होती, बस. इमारत आणि सामान असा दोन्हींचा विमा घेतला असता, तर सामानाची यादी न देताही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, सामान आपोआप धरलं गेलं असतं. एप्रिल २०२१ पासून ही सोय आहे. प्रपोजल फॉर्मवर एक खूण करायची होती.

आता माझ्या हातात एकच गोष्ट होती: इमारतीत काय काय बसतं ते नीट पाहणं. प्लास्टर, फरशी, दारं, वायरिंग हे तर उघडच होतं. पण जमिनीला, भिंतीला कायमचं जोडलेलं ते सगळं इमारतच. म्हणून टॉर्च घेऊन मी प्रत्येक कपाटाच्या मागे डोकावत सुटलो. किचनमधल्या ट्रॉल्या आणि ओट्याखालचं प्लायवूड भिंतीत पक्कं, ते धरलं. बेडरूममधला फुगलेला वॉर्डरोब पक्का, तोही धरला. लोखंडी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाण सुटे, ते गेले. टीव्ही भिंतीवर असला तरी सामानच, पण तो पाण्याच्या वर राहिला होता, म्हणून तो वाद टळला.

काकांच्या लक्षात आलं तसे ते माझ्यापुढे चालू लागले. "हे पाहा, हे ठोकेलच आहे. आणि हा दिवाण, हा बी ठोकून घेतो म्हणत होतो मी!" हसू आवरणं कठीण झालं. पुस्तकांचं शेल्फ मात्र खरंच चार स्क्रूंनी भिंतीला कसलेलं होतं. नातू त्यावर चढायचा, ते अंगावर येऊ नये म्हणून सुतार बोलावून काकांनी ते बसवून घेतलं होतं. शेल्फचे पैसे धरले, त्यातल्या पुस्तकांचे नाही. हे सांगताना मला स्वतःलाच ते विचित्र वाटलं, पण पॉलिसीची रेघ तिथूनच जाते.

गाडीचा विषय दोन मिनिटांत संपला, कारण ती मोटार पॉलिसीत येते. फक्त ती सुरू करून पाहू नका, टो करूनच न्या, एवढं बजावलं. पाणी गेलेलं इंजिन फिरवलं की नुकसान वाढतं आणि त्यावरून क्लेम अडतो.

शेजारच्या तळमजल्यावर एक तरुण भाडेकरू जोडपं होतं. त्यांचा क्लेम दुसऱ्या कंपनीचा, माझ्याकडे नव्हता. पण त्यांनी नुसत्या सामानाची पॉलिसी काढली होती. भाडेकरूला अशी घेता येते, हे काकूंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बिलं वाहून गेली होती, पण डोहाळजेवणाच्या फोटोंत मागे फ्रिज, सोफा, कूलर सगळं दिसत होतं. त्यांच्या सर्व्हेअरला तेवढं पुष्कळ कामी आलं असणार.

काकांचा इमारतीचा भाग मंजूर झाला. सामानापोटी विम्यातून काही नाही. शासनानं पूरग्रस्त घरांना जाहीर केलेले १०,००० रुपये तेवढे.

पुढे काकांचा फोन आला. बँकेची पॉलिसी कर्ज फिटेपर्यंत चालूच राहणार होती, त्यांना सामानाची वेगळी हवी होती. पॉलिसी विकणं माझं काम नाही, पण विचारलं ते सांगितलं. रोख रक्कम सामानात धरत नाहीत. दागिने आणि चांदीसाठी मौल्यवान वस्तूंचं कव्हर वेगळं मागा आणि मूल्यांकनाचा कागद तयार ठेवा. "म्हणजे इतवारीत सोनाराकडे जाणं आलं," ते म्हणाले, आणि यादी करायला काकूंना हाक मारली.