तीन शेपट्यांचं विमान

गोव्यात वास्कोला मावशीकडे लहानपणापासून जातोय, पण बोगमाळोचं नौदल हवाई संग्रहालय दर वेळी 'पुढच्या खेपेला' म्हणून राहून जायचं. या डिसेंबरात मात्र दार उघडायच्या वेळेलाच जाऊन उभा राहिलो.

आवारात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी बरीच विमानं आहेत. गर्दी असते ती सी हॅरियरपाशी. मी थेट सुपर कॉन्स्टेलेशन या जुन्या प्रवासी विमानाकडे गेलो. पंख्यांची चार इंजिनं, माशासारखी बाकदार पाठ आणि मागे एक नाही, चक्क तीन उभ्या शेपट्या! पोटाखालच्या सावलीत उभं राहून वर पाहिलं की रिव्हेटच्या ओळी शेवटपर्यंत गेलेल्या दिसतात.

एके काळी अशा विमानांतून एअर इंडियाचे प्रवासी मुंबईहून लंडनला जायचे. १९६० मध्ये बोइंग ७०७ आली आणि ही मागे पडली. मग ती हवाई दलाच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनकडे, म्हणजे विमानांच्या तुकडीकडे गेली. तिचा तळ कुठे, तर आमच्या पुण्यात, लोहगावला! समुद्रावरची टेहळणी घाटमाथ्यावरून चालायची, हे मला मोठा होईपर्यंत माहीत नव्हतं.

त्याआधीपासून याच स्क्वाड्रनकडे लिबरेटर बॉम्बर होते. त्यांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर परत जाणाऱ्या परदेशी फौजांनी ही विमानं कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून कानपूरला मोडून टाकली होती. एचएएल या विमानं बनवणाऱ्या भारतीय कंपनीच्या माणसांनी त्या भंगारातून ती उडण्याजोगी केली, बंगळूरला नेऊन नीट दुरुस्त केली आणि ती १९६८ पर्यंत उडाली. मला या कामाचं फार अप्रूप वाटतं.

सागरी टेहळणी कुणी करायची, यावर हवाई दल आणि नौदल यांच्यात बरीच वर्षं वाद होता. लाटांमधून क्षणभर दिसलेली रेघ पाणबुडीच्या पेरिस्कोपची आहे की आणखी कशाची, हे दर्यावरच्या माणसाला लवकर कळतं, असं नौदलाचं म्हणणं. मला ते पटतं. १९७६ मध्ये हे काम नौदलाकडे आलं, त्याबरोबर सुपर कॉन्स्टेलेशनही आली आणि वास्कोजवळ दाबोळीच्या विमानतळावर ३१२ स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे १९८८ मध्ये तिच्याकडे टीयू-१४२ ही अजस्र रशियन टेहळणी विमानं आली. काही वर्षांनी ही स्क्वाड्रन तमिळनाडूत अरक्कोणमला गेली.

दाबोळीतच १ ऑक्टोबर १९७७ रोजी ३१५ स्क्वाड्रन सुरू झाली, रशियन आयएल-३८ ही टेहळणी विमानं घेऊन. हेही मुळात आयएल-१८ या प्रवासी विमानावरूनच बनवलेलं.

संध्याकाळी मावशीला हे सांगत होतो. आयएलचं नाव काढलं तशी ती हातातली सुरी ठेवून गप्प झाली. मग म्हणाली, "त्यांचा पंचविसावा वाढदिवस होता रे." १ ऑक्टोबर २००२. स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी दोन आयएल-३८ दाबोळीच्या आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्हींतले मिळून १२ जण गेले. खालचीही माणसं दगावली. "कितीतरी दिवस विमानाचा आवाज आला की मी गॅलरीत धावायचे," मावशी म्हणाली.

उरलेली आयएल २०२३ पर्यंत उडत राहिली. आता दाबोळीच्या हंसा या नौदल तळावर पी-८आय ही टेहळणी विमानं आहेत, बोइंग ७३७ वरून बनवलेली. जेवताना वरून एक विमान गेलं. मावशीनं ताटावरून मान वर केली, आवाज समुद्राकडे विरेपर्यंत थांबली आणि मग मला भात वाढला.