वेस्ट कॉर्कमधली रविवारची न्याहारी

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडच्या माणसाला न्याहारीचं महत्त्व सांगावं लागत नाही. रात्रीच्या पाळीला वीज असली की अंधारातच मोटर चालू करायची, मग गोठा, धारा, द्राक्षबागेत एक फेरी. आणि नऊच्या सुमाराला बांधावर भाकरी, पिठलं, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आधी काम झालेलं असतं म्हणूनच ती भाकरी तशी लागते. पुण्यात नोकरीला लागल्यावर हे सुटलं. गाडीवरचे पोहे उभ्याउभ्या खायचे आणि बस पकडायची. आयर्लंडच्या खेड्यात राहायला आलो आणि सकाळ पुन्हा आमच्या हातात आली.

आमचं घर वेस्ट कॉर्कमध्ये, देशाच्या दक्षिण टोकाला. तिन्ही बाजूंना कुरणं आणि एक अरुंद रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घेऊन वाट द्यायची आणि जाणाऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून राम राम करायचा. शेजारी दुधाचा धंदा करतात. इथल्या बहुतेक गोठ्यांत गाई फेब्रुवारी-मार्चमध्ये वितात, कारण त्याच सुमाराला गवत वाढीला लागतं आणि गाईला दुधासाठी लागणारा चारा शेतातच मिळतो. शेजारी पहाटे धारा काढतात आणि त्यानंतर घरी जाऊन पोटभर खातात. ते ऐकलं तेव्हाच वाटलं, ही आपलीच माणसं.

आठवडाभर आमच्याकडेही शाळा, ऑफिस, डबे असतातच. रविवार मात्र राखून ठेवलेला. मुलं शेजाऱ्यांकडून अंडी घेऊन येतात, बायको स्टोव्ह पेटवते, मी पिठाला लागतो. हिवाळ्यात उजाडायलाच साडेआठ-पावणेनऊ होतात, त्यामुळे कुणाला कसली घाई नसते. टेबलावर बसेपर्यंत इथे साडेदहा होतात. तेव्हा निफाडला दुपारचे चार वाजलेले असतात, आई-अण्णा चहा घेत फोनवर समोर असतात.

इथला पारंपरिक नाश्ता म्हणजे भरलेलं ताट: डुकराच्या मांसाचे रॅशर म्हणजे खारवलेले पातळ काप आणि सॉसेज, रक्त आणि ओट्स घालून केलेलं काळं पुडिंग, अंडी, परतलेले टोमॅटो आणि मशरूम, सोबत सोडा ब्रेड. आमच्या ताटात पहिल्या तीन वस्तू नसतात. त्यांच्या जागी मटकीची उसळ असते. इथल्या गारठ्यात मटकीला मोड येत नाहीत, असं नाशिकहून आलेल्या प्रत्येकाला वाटतं. पण इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल-चादरी उबदार राहाव्यात म्हणून केलेली ती सोय. मटकी फडक्यात बांधून तिथे ठेवली की एका रात्रीत मोड येतात. काळा मसाला आईचा, घरी भाजून कुटलेला. तर्री नाशिकसारखीच लाल येते आणि ती सोडा ब्रेडने पुसून खाताना मला पावाची आठवण येत नाही. नाशिककरांना हे पटणार नाही, तरी सांगतो.

हा ब्रेड इथल्या हवेतून जन्मलेला आहे. ओल्या, सौम्य हवामानात मऊ गहू पिकतो, त्यात ग्लूटेन कमी, म्हणून यीस्टचा पाव त्याचा नीट फुगत नाही. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा आला आणि लोणी काढून उरलेलं ताक तर घरोघरी होतंच. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो, त्यानेच ब्रेड फुगतो. त्यामुळे कणीक मळायची नाही. बोटं ताठ पसरून एकदा गोल फिरवायची, सैलसर गोळा झाला की लगेच भट्टीत टाकायचा. वर सुरीने खोल फुली मारायची, म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही. झाला की उलटा करून बुडावर टकटक करायचं. पोकळ आवाज आला की काढायचा.

मागच्या उन्हाळ्यात खरड छाटणी, म्हणजे द्राक्षवेलींची एप्रिलमधली छाटणी उरकून, बाग भावावर सोपवून आई-अण्णा आले. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवायची वेळ झाली हेच अण्णांना पटेना. पण सकाळ त्यांची होती. चहा घेतला की थेट शेजाऱ्यांच्या गोठ्यावर. एका रविवारी मी शेजाऱ्यांनाच न्याहारीला बोलावलं. आई माळकरी, तिने थालीपीठं लावली, भाजणी तिने सोबत आणली होती. दुधाचे पदार्थ भारतातून इथे आणू देत नाहीत, म्हणून तूप आणता आलं नव्हतं. तिने इथलंच बिनमिठाचं लोणी कढवलं. गवतावरच्या गाईंचं ते पिवळंधमक लोणी बघून ती आधी मला विचारत होती, "रंग तर नाही ना घातला रे?"

टेबलावर मधे बसून मी दुभाष्याचं काम केलं. अण्णांनी विचारलं, "गवताला पाणी कितव्या दिवशी देता?" पाणी द्यावंच लागत नाही, पाऊस पुरतो, हे कळल्यावर ते थालीपीठाचा घास हातात धरून बसून राहिले. ज्या माणसाने ठिबकचा थेंब न् थेंब मोजला, उन्हाळ्यात टँकर विकत घेऊन बाग जगवली, त्याला हे पचायला वेळ लागणारच. मग शेजाऱ्यांची पाळी. वर्षातून दोनदा छाटणी आणि पीक एकदाच? अण्णांनी पेन मागून घेतलं आणि कागदावर वेलीचा ओलांडा, म्हणजे आडवी फांदी काढली: एप्रिलमध्ये इथे कापायचं म्हणजे पुढच्या पिकाची काडी तयार होते, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत तिथे कापलं की घड बाहेर पडतो. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, हेही सांगायला लावलं. भारतात थंडी पडते यावर शेजाऱ्यांचा विश्वास बसेना. बारा वाजले तरी कुणी उठलं नव्हतं, आई तव्यावर आणखी एक लावत होती.

हा सोडा ब्रेड घरी करून बघायचा असेल तर साधारण साडेचारशे ग्रॅम पीठ घ्या, अर्धी कणीक, अर्धा मैदा. एक चमचा सोडा चाळून, एक चमचा मीठ. आंबट, दाट ताक साडेतीनशे मिलीच्या आसपास, पीठ बघून कमीजास्त. ओव्हन आधी चांगला तापवा, २३० अंशावर पंधरा मिनिटं, मग २०० वर आणखी अर्धा तास. आईने परत गेल्यावर त्यात ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घातली. आता इथेही तसाच होतो, आणि शेजारी दर रविवारी अर्धा घेऊन जातात.