बाद झालेला सैनिक

१९७४ साली मी आपल्या शाळेत पाचवीत दाखल झालो आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे एबीसीडीशी माझी पहिली गाठ त्याच वर्गात पडली. इंग्रजी विशेषणांची खोड मात्र नववीत कळली. वडील भुसावळच्या रेल्वे यार्डात कामाला असल्यामुळे 'इन्व्हॅलिड' हा शब्द आमच्या घरात रुळलेला होता. मुदत संपलेला पास तो इन्व्हॅलिड. त्यामुळे एका उताऱ्यात घरी परतलेला 'इन्व्हॅलिड' सैनिक भेटला, तेव्हा मी निःशंकपणे 'बाद झालेला सैनिक' असे भाषांतर करून मोकळा झालो. सरांनी ते वर्गाला वाचून दाखवले, स्वतः मनसोक्त हसले आणि फळ्यावर तोच शब्द दोनदा लिहून एकदा पहिल्या, एकदा दुसऱ्या शब्दावयवाखाली रेघ ओढली. आघात पहिल्यावर असेल तर माणूस आजारी, दुसऱ्यावर असेल तर कागद रद्द. मूळ लॅटिन शब्द मात्र एकच, 'बळ नसलेला' या अर्थाचा.

सर संस्कृतही शिकवत असल्याने त्यांचा तास इंग्रजीच्या कुंपणात कधी राहिला नाही. वजनाने कमी तो 'लाइट' आपल्या 'लघु'चा सोयरा, तर अंधार नसलेला 'लाइट' हा झळकणे या अर्थाच्या 'रुच्' धातूच्या गोतातला, आणि जुन्या इंग्रजीतच या दोन परक्यांचे रूप एक होऊन बसले, हे ऐकताना मी चकित झालो होतो. आपला 'हलका'ही 'लघुक'मधली अक्षरे उलटसुलट होऊन घडला आहे, हे त्यांनी जाता जाता सांगितले. आज मला तेच सर्वांत मोलाचे वाटते.

'मीन'ची गंमत वेगळी. भूगोलाच्या तक्त्यातले 'मीन टेम्परेचर' आमच्यातल्या एकाने 'क्षुद्र तापमान' असे वाचले. सरासरीचा 'मीन' 'मध्य'च्या कुळातला आणि क्षुद्र तो निराळा, मुळात नुसता 'सर्वसामान्य' असून पुढे घसरलेला, असे सरांनी समजावले खरे. पण मे महिन्यातला जळगाव जिल्हा ज्याने सोसला आहे, तो त्या भाषांतराला पूर्ण गुण देईल.

दहावीच्या निरोप समारंभात मी सरांचा उल्लेख 'लर्न्ड' असा केला. पाठ केलेल्या वर्तनाला लावायचे विशेषण मी विद्वान माणसाला लावले होते. समोरच्या रांगेत बसलेल्या सरांनी काही न बोलता दोन बोटे वर केली. मी थांबलो आणि दोन अवयवांत, सावकाश 'लर्निड' म्हणालो.