साडेपाचचा गजर आणि हवेचा आकडा

माझ्या बाबांचा गेल्या कित्येक वर्षांचा नेम आहे: पहाटे साडेपाचचा गजर लावायचा आणि उजाडायच्या आत पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाऊन यायचे. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध असते हा त्यांचा सिद्धान्त, आणि मला लहानपणापासून दमा असल्यामुळे ती हवा मीही घ्यावी हा त्यांचा आग्रह. दोन हिवाळ्यांपूर्वी, डिसेंबरातल्या एका पहाटे, मी तो आग्रह मानला. निघण्यापूर्वी फोनवरच्या, हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये पाहिले, तर आकडा ९६, रंग हिरवट आणि शेरा ‘समाधानकारक’ असा होता. टेकडीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत छातीत घरघर सुरू झाली, पंपाचे दोन पफ घेऊनही धाप कमी होईना, आणि शेवटी रिक्षा करून आम्ही घरी परतलो. बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र मनातल्या मनात त्या अ‍ॅपला बरेच काही बोलले.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले, की अ‍ॅप खोटे बोलले नव्हते. तो आकडा नेमका कशाचा असतो, हे जाणून घेण्याची तसदी मी घेतली नव्हती.

आपल्याकडचा राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक एप्रिल २०१५ पासून वापरात आहे. शून्यापासून ५०० पर्यंतच्या या पट्टीवर सहा पायऱ्या आहेत: ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अत्यंत वाईट आणि त्यापुढे गंभीर. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो, पण त्यांची बेरीज किंवा सरासरी केली जात नाही. प्रत्येकाचा स्वतंत्र उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला जो सर्वांत मोठा, तोच त्या दिवसाचा निर्देशांक ठरतो. खरी गोम पुढे आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन यांच्यासाठी आठ तासांची आणि धूलिकणांसह बाकीच्यांसाठी मागच्या चोवीस तासांची सरासरी धरली जाते. म्हणजे त्या पहाटे मी पाहिलेल्या ९६ मध्ये आदल्या दुपारची, वारा वाहत असतानाची मोकळी हवाही मिसळलेली होती. मी श्वासात घेत होते ती हवा त्या क्षणाची होती आणि फोनवर वाचत होते तो हिशेब मागच्या अख्ख्या दिवसाचा होता. दिवाळीत याच्या नेमके उलटे घडते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर कोंडतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो बराचसा विरतो, पण सरासरीत ती रात्र अजून मोजली जात असल्यामुळे आकडा चढलेलाच दिसतो.

दुसरा गोंधळ दोन अ‍ॅपनी मिळून घातला. मी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ वापरत होते आणि माझ्या भावाने त्याच्या फोनवर ‘आयक्यूएअर’ या स्विस कंपनीचे अ‍ॅप घेतले होते. एकाच वेळी, एकाच घरात बसून, माझ्या फोनवर शंभराच्या आतबाहेरचा आकडा आणि त्याच्या फोनवर दीडशेच्या वरचा. ‘सरकार आकडे दाबते’ असा निष्कर्ष त्याने लगेच काढून टाकला. प्रत्यक्षात ‘आयक्यूएअर’ अमेरिकेची पट्टी वापरते आणि दोन्ही पट्ट्यांच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय पट्टीवर त्याचा आकडा १०० येतो आणि शेरा ‘समाधानकारक’ मिळतो. अमेरिकेने २०२४ मध्ये सुधारलेल्या पट्टीवर तेवढ्याच कणांचा आकडा १५४ होतो आणि शेरा ‘अनारोग्यकारक’ असा पडतो. हवा तीच, फुप्फुसेही तीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा तर अवघी १५ मायक्रोग्रॅम आहे. तेव्हापासून मी निर्देशांकाकडे कमी पाहते आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत दिलेल्या मायक्रोग्रॅमच्या आकड्याकडे अधिक पाहते, कारण कोणत्याही पट्टीत तो बदलत नाही. दमेकऱ्याने ‘समाधानकारक’ हा शब्द निरोगी माणसासाठी लिहिलेला आहे असे समजूनच वाचावा, असे माझे मत झाले आहे.

आता हवा जिथे मोजली जाते त्या केंद्राविषयी. पुणेकरांना या बाबतीत थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही, कारण ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेचे मोजमाप आणि अंदाज देणारी यंत्रणा आपल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभी केली. ती २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या वेळी दिल्लीत सुरू झाली आणि २०१३ मध्ये पुण्यात आली. शिवाजीनगर, कात्रज, हडपसर, भोसरी, निगडी, लोहगाव अशा ठिकाणी तिची मोजमाप केंद्रे झाली. पण आपले घर त्यांतल्या एखाद्या केंद्राच्या अंगणात नसते. अ‍ॅप आपल्या ठिकाणावरून सर्वांत जवळचे केंद्र निवडते किंवा, काही अ‍ॅपच्या बाबतीत, उपग्रह आणि गणिती प्रारूपाच्या आधारे मधल्या जागेचा अंदाज बांधते आणि तोही तितक्याच आत्मविश्वासाने दाखवते. म्हणून आकडा पाहण्यापूर्वी केंद्राचे नाव आणि शेवटच्या नोंदीची वेळ पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. स्वस्त, घरगुती संवेदकांचे आकडेही काही नकाशांवर मिसळलेले असतात. ते प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात, त्यामुळे दमट किंवा धुक्याच्या हवेत पाण्याने फुगलेल्या कणांना भुलून ते आकडा फुगवतात.

सर्वांत उपयोगी गोष्ट मला सर्वांत उशिरा सापडली, ती म्हणजे तासागणिक आलेख. डिसेंबर-जानेवारीत सलग तीन आठवडे तो पाहिला, तेव्हा बाबांच्या सिद्धान्ताला धक्का देणारे चित्र पुढे आले. रात्री आठनंतर रेषा चढू लागे, पहाटे ती वरच असे, सकाळच्या वाहनांबरोबर आणखी चढे आणि अकरानंतर घसरत दुपारी तीन-चारच्या सुमारास तळाला जाई. कारण साधे आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. धूर, धूळ, वाहनांचे उत्सर्जन सारे त्या झाकणाखाली साठते. ऊन तापून जमिनीजवळची हवा वर जाऊ लागली की झाकण उघडते. टेकडीवरून सकाळी शहराकडे पाहिले तर इमारतींच्या कमरेएवढा राखाडी पट्टा दिसतो. बाबा त्याला इतकी वर्षे धुके म्हणत आले होते.

आलेख त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मी दुपारी साडेचारला फिरायला जाऊ? लोक काय रिकामटेकडा म्हणतील!” पण ते गेले. हिवाळ्याच्या उरलेल्या दिवसांत आम्ही दोघे दुपारी साडेचारला निघू लागलो.

याच काळात डॉक्टरांच्या सल्ल्याने मी एक वही सुरू केली. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याचे प्लास्टिकचे एक साधे उपकरण मिळते, त्याला पीक फ्लो मीटर म्हणतात. रोज सकाळ-संध्याकाळ त्यावरचा आकडा आणि शेजारी अ‍ॅपमधला पीएम २.५ चा आकडा मी लिहिते. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली फुंकर गेली की सावध व्हायचे आणि ५० टक्क्यांखाली गेली तर थेट डॉक्टर गाठायचे, असा नियम आहे. दोन महिन्यांच्या नोंदींनंतर मला माझी स्वतःची मर्यादा कळली: कण पन्नास मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले, की दुसऱ्या दिवशी माझी फुंकर हमखास घसरते. ही माहिती कोणत्याही अ‍ॅपमध्ये नव्हती आणि दुसऱ्या दमेकऱ्याला ती लागू पडेलच असेही नाही. औषधाची मात्रा मात्र मी अ‍ॅप पाहून कधीही बदलत नाही, ते काम डॉक्टरांचे.

वहीत काही नोंदी अशाही होत्या, की आकडा बरा आणि फुंकर वाईट. त्यांचे उत्तर फोनमध्ये नव्हे, खिडकीखाली होते. आमच्या सोसायटीचा रात्रीचा वॉचमन पहाटे थंडी वाजते म्हणून झाडलेल्या पाचोळ्याची शेकोटी करीत असे आणि त्यात हाताला लागेल ते प्लास्टिकही जाई. त्याचा धूर तीन किलोमीटरवरच्या केंद्राला कुठून कळणार? कचरा उघड्यावर जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घालून दंड ठरवलेला आहे, आणि सोसायटीच्या बैठकीत एका सदस्याने तो आदेश मोठ्या आवेशात सांगितलाही. मला ते पटले नाही. रात्रभर उघड्यावर बसणाऱ्या माणसाला दंडाची भाषा ऐकवण्यापेक्षा त्याच्या चौकीत विजेचा छोटा हीटर देणे सोपे होते. तो दिला, आणि पाचोळ्यासाठी मागच्या कोपऱ्यात खताचा खड्डा केला. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत माझ्या सकाळच्या फुंकरीत जो फरक पडला, तो कुठल्याही अ‍ॅपने घडवला नव्हता.

मास्कबद्दल थोडेसे. कापडी मास्क किंवा तोंडाला बांधलेली ओढणी धुळीचे मोठे कण अडवते, सूक्ष्म कण नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ लागतो. पण तोही वायू अडवत नाही, म्हणून अ‍ॅपमध्ये त्या वेळचे मुख्य प्रदूषक कोणते आहे ते पाहावे लागते. तिथे धूलिकणांच्या जागी ओझोन दिसला, तर मास्कपेक्षा घरात थांबणे शहाणपणाचे.

आणि ओझोनमुळेच बाबांची बाजू पुन्हा वर आली. हा वायू कोणी थेट सोडत नाही, वाहनांच्या आणि इतर धुरांतील वायूंवर ऊन पडून तो तयार होतो आणि ऊन जितके कडक तितका वाढतो. मार्चच्या मध्यापासून दुपारच्या आलेखात त्याची रेषा वर जाऊ लागली. पहाटेचे झाकण तोवर सैल झाले होते आणि सकाळी सहाचे कणांचे आकडे हिवाळ्याच्या निम्म्यावर आले होते. मी बाबांना दोन्ही रेषा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून त्या नीट पाहिल्या, फोन मला परत दिला आणि त्याच रात्री साडेपाचचा गजर लावला.